तळ्याकाठी सापडलेली चादर

आज सकाळी शिकवणीतल्या मुलांना घेऊन तळ्याकाठचा कचरा उचलायला गेले होते. दिसलेली घाण आपण उचलायची, हे मला शाळेआधी आईने घरात शिकवलं. तेच मुलांना शिकवायचं होतं.

"काठावर दिसेल ते पोत्यात टाका," मी सांगितलं.

तिसरीतल्या श्रावणीने चिखलातून एक चादर ओढली आणि ती थबकलीच. "मॅडम, ही आमच्या आज्जीची हाय. हे ठिगळ मम्मीनं लावलंय."

तिची आजी नुकतीच वारली. गेलेल्याचं अंथरूण-पांघरूण पाण्यात सोडायची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे.

"टाक की पोत्यात! लई वास मारतोय," मागून एकजण ओरडला.

श्रावणी माझ्याकडे बघत म्हणाली, "पप्पा तर म्हणले, चादर आज्जीकडं पोचली."

मी चादर वेगळ्या पोत्यात ठेवली. श्रावणी घरी जाईपर्यंत रडत होती.

चादर आता माझ्या अंगणात, पोत्यात आहे. घंटागाडीत टाकायला हात धजत नाही. पाण्यात परत सोडली, तर मुलांना शिकवलं काय?

उद्या श्रावणी विचारेल, चादर कुठं आहे. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?