मास्तरांची अमेरिकन गाडी आणि माझी भिंत

मास्तरांनी कशालाही 'चांगलं' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांच्याकडे सगळ्यात वरचा शेरा म्हणजे 'चालते'. तोही वर्षातून एखाद्‌दोन वेळा, आणि बहुधा वहिनींच्या भरल्या वांग्यांना. माझं घर बांधून झालं तेव्हा मी त्यांना हौसेनं बोलावलं. चप्पल दारात काढून ते आत आले, नव्या टाइल्सवर पाय घासून पाहिला आणि म्हणाले, "बाबू, फरशी ओली असली का पडशीन तू. हाडाच्या डाक्टरचा नंबर लिहून ठेवजो." मग चहा पिऊन निघून गेले. पुढच्याच महिन्यात मी पडलो. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

अमरावतीच्या आमच्या कॉलनीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी कचेरीतला कारकून, म्हणून 'बाबू'. ते आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेले, म्हणून साऱ्या कॉलनीचे मास्तर. घरात वहिनी आणि मास्तरांचे वडील आबाजी, नव्वदीला टेकलेले. वहिनी दर पौर्णिमेला विहारात जात, आबाजी दिवसभर अंगणात खुर्चीवर बसत आणि मास्तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला नावं ठेवत. आजकालच्या गॅरेजवाल्यांवर त्यांचा विशेष राग. "हे मेकॅनिक नाही, डब्बा फोडून पार्ट बदलणारे हायेत," ते म्हणायचे. "डाक्टर असे असते तर सर्दी झाल्यावर नाकच बदललं असतं."

अशा माणसाने अकोल्याच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामातून अमेरिकन गाडी उचलून आणली तेव्हा कॉलनीला फुकटचा तमाशा मिळाला. ट्रेलरवरून उतरवली ती गाडी कसली, गाडीचा सांगाडा! चारही टायर बसलेले, छताला भोकं, मागच्या सीटमध्ये कोंबडीने अंडी घातलेली. बोनटवर गंजाचे पापुद्रे, पण नाक वर. लांबी एवढी की मास्तरांचं अंगण फाटकापासून पायरीपर्यंत भरलं. मी गच्चीवरून ओरडलो, "मास्तर, भंगारवाल्याचा पत्ता चुकला का?" ते खालून म्हणाले, "नाही. पयले मले वाटलं तुयाच घरी उतरवा, पण तिथं आधीच एक हाये." कॉलनी हसली. मी चिडलो आणि आठवड्याभरात दोन घरांमधली भिंत पुरुषभर उंच करून घेतली, रोज सकाळी उठून ते भंगार पाहायला नको म्हणून. गवंडी गेल्यावर मास्तर पलीकडून आले, एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओळंब्यात नाही. कलली हाये."

पुढची पाच वर्षं भिंतीपलीकडून ठोकण्याचा, घासण्याचा आणि शिव्यांचा आवाज येत राहिला. इंजिन जाम झालेलं. मास्तर रोज सिलिंडरमध्ये घासलेट ओतत, क्रँकला दांडा लावून इकडेतिकडे हलवत. तीन महिने ते इंजिन केसभर हललं नाही. हललं त्या दिवशी त्यांनी वहिनींना शिरा करायला सांगितला आणि शिऱ्यात साखर कमी म्हणून वाद घातला. काढलेला प्रत्येक नट मिठाईच्या रिकाम्या डब्यात, डब्यावर मास्तरी अक्षरात नाव आणि नंबर. एकदा मी सहज एक डबा उचलला तर म्हणाले, "ठेव. हे तुया कचेरीतली फाइल नाही, हरवली तर पुन्हा तयार कराले."

इंजिनाच्या जोडांत बसणारी गॅसकेटं ते स्वतः कापत. पत्रा स्वतः ठोकत. जिथे दुसरा कोणी नवा पार्ट शोधेल तिथे मास्तर जुनाच घासत बसत. गॅरेजवाल्यांनी सांगितलं, जीपचं डिझेल इंजिन टाका, आठ दिवसांत गाडी रस्त्यावर. आपल्याकडे अशा किती अमेरिकन गाड्या पोटात जीपचं इंजिन घेऊन फटफट करत वराती ओढतात, ते साऱ्यांना माहीत आहे. मास्तरांनी उत्तर दिलं, "म्हशीले बैलाचे शिंग लावले तर नांगर ओढते का?" एक बिल्डर पोराच्या लग्नासाठी गाडी मागायला आला. त्याला म्हणाले, "नवरदेवाले पायी ने. लग्नाआधी तेवढंच पोट्टं काही काम करन."

मला हे सगळं म्हातारचळ वाटायचं आणि मी तसं बोलून दाखवायचो. एका सकाळी मास्तर लेथवाल्याकडे गेले होते. मी स्टुलावर चढून भिंतीवरून डोकावलो तर आबाजी गाडीसमोर बसलेले. मी म्हटलं, "आबाजी, पोराले समजवा ना काही."

आबाजी शांत माणूस. मास्तरांच्या जिभेचं विष त्यांच्याकडून आलेलं नव्हतं. ते म्हणाले, "हे जिनिंगच्या शेठची गाडी व्हय. मी धुवाचो. टायर, मडगार्ड, छत, काचा. बाहेरून समदी. आतली डायव्हर पुसे. माया हात आत जात नोता. जाऊ देत नोते."

मी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली.

"एक डाव शेठ बोरगावले लग्नाले थांबले होते," आबाजी सांगत राहिले. "डायव्हर रिकामी गाडी घेऊन त्यायले आणाले निंगाला. तिथं गाडी धुवा लागन, धुळीची कशी चालन वरातीत? मंग मी सायकलनं मांगून गेलो. अकोल्याहून बोरगावलोक. हँडलले बादली, खांद्यावर फडकं. समदी धूळ खाल्ली म्या तिची."

"गाडीत जागा नव्हती का?"

"होती ना," आबाजी म्हणाले. "समदी रिकामीच होती."

त्या दिवसापासून त्या ठोकाठोकीचा अर्थ मला कळला, आणि त्यामुळे माझी चीड कमी होण्याऐवजी वाढली. आबाजी रोज थोडे थोडे वाकत चाललेले, आणि हा माणूस सीटच्या मूळ रंगाचं, वांगी रंगाचं कापड मिळत नाही म्हणून चार महिने बसून! मी मास्तरांना भर रस्त्यात सुनावलं, "बुढा गेल्यावर शिवता का सीट? टाका डिझेल इंजिन, टाका मिळेल ते कापड, अन् एक चक्कर मारून आणा त्याले!" मास्तर पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "त्याले त्या गाडीत बसाचं हाये, बाबू. तिच्यासारख्या दुसऱ्या गाडीत नाही." आणि जाता जाता, "तुले फरक समजत असता तर तू कारकून नसता झाला."

दरम्यान आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. आपल्याकडे जुना रस्ता खोदत नाहीत, त्याच्यावरच नवा ओततात. तसा तो दोनदा ओतला आणि घरं होती तिथे राहून खड्ड्यात गेली. आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने अंगणात मुरमाचा भराव टाकला, फाटकाशी उतार बांधला. मास्तरांनी नाही बांधला. "चुकला ठेकेदार. मी काहून चढू?" असं म्हणत त्यांनी अर्जावर अर्ज केले. रस्ता त्यांच्या फाटकापेक्षा हातभर वर, आणि तो कधीतरी खाली येईल अशी या विद्वानाची खात्री.

गाडी तयार झाली. काळीशार, बंपर असा चकाकणारा की आम्ही भांग पाडून घ्यावा. एका रविवारी सकाळी आबाजी धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर फडकं टाकून, काठी घेऊन तयार बसले. मास्तरांनी गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज असा मऊ की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठली नाहीत. फळ्या लावून पुढची चाकं रस्त्यावर चढवली आणि खरर्र करून गाडीचं पोट सिमेंटच्या कडेवर टेकलं. मागे घेतली, पुन्हा चढवली, पुन्हा टेकलं. लांब उतार टाकावा तर अंगण गाडीनंच भरलेलं. बाजूची पोरं मोबाइल काढून उभी राहिली. मास्तर खाली उतरले आणि फाटकाला हात लावून उभे राहिले. पाच वर्षांत एक नट हरवू न देणारा माणूस रस्ता विसरला होता. आबाजी खुर्चीवरून म्हणाले, "राहू दे पोरा. पाह्यली ना म्या, झालं." मास्तरांनी मान वर केली नाही.

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी घरातून घण आणला आणि माझीच भिंत फोडायला लागलो. माझं अंगण मोठं, भरावानं रस्त्याच्या पातळीला आलेलं, फाटकाशी उतार तयार. दोन मजूर बोलावले. दुपारपर्यंत भिंत आडवी झाली आणि तिच्याच विटा-मातीचा उतार त्यांच्या अंगणातून माझ्या अंगणात चढला. गाडी इंचइंच मागेपुढे करत, तिरपी घेत मास्तरांनी ती वर आणली. माझी मोगऱ्याची कुंडी गेली. खिडकीतून मान काढून मास्तर म्हणाले, "बांधता नाही आली तुले, पण पाडलेली चालते." आयुष्यात एकदाच मिळालेला हा शेरा मी जपून ठेवला आहे.

त्यांनी मागचं दार उघडलं. आबाजी दाराशी थांबले. खांद्यावरचं फडकं काढलं आणि बाहेर उभे राहूनच हात आत घालून सीट झटकली. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग आबाजी हळूच आत बसले, सीटवर तळवा दाबून पाहिला आणि म्हणाले, "नरम हाये रे." काचेतून पुढे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, "डावा मडगार्ड नाही पुसला बराबर." जगातल्या कोणाची चूक काढायला न चुकणारे मास्तर पुढे गेले, फडकं घेतलं आणि डावा मडगार्ड पुसला.

"कुठं जाचं, बाबा?"

"बोरगावले."

वहिनी पुढे बसल्या. मास्तर मला म्हणाले, "तू स्कूटी घेऊन मांगून ये. आवाज ऐक, धूर पाह्य, तेल गळते का पाह्य. आत बसून काही दिसत नाही." कामाच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते. मी पाण्याचा कॅन पायाशी घेतला आणि निघालो. बडनेरा ओलांडलं. गाडी छान चालत होती, धूर नव्हता, धूळ मात्र माझ्या तोंडात जात होती. तेवढ्यात मागच्या काचेतून आबाजी वळून पाहताना दिसले. त्यांनी काठीनं पुढच्या सीटवर टकटक केली आणि एका चहाच्या टपरीशी गाडी थांबली.

"हा बाबू कवापासून मांगून येऊन राहिला?" आबाजींनी विचारलं.

"धूर पाह्यते तो, बाबा."

"गाडीत जागा हाये ना?"

"हाये."

"मंग?"

मास्तर उतरले, स्कूटी टपरीवाल्याच्या हवाली केली आणि माझ्यासाठी मागचं दार स्वतः उघडलं. मी आबाजींच्या शेजारी बसलो. त्यांनी खांद्यावरचं फडकं माझ्या हातात दिलं. "तोंड पूस," म्हणाले. पुढे बोरगावपर्यंत आरशात मास्तरांचे डोळे मला दिसत होते, आणि ते माझ्याकडे पाहायचं टाळत होते. बोरगावात आबाजींनी उतरून काही पाहिलं नाही. रसवंतीवर आम्ही चौघे गाडीत बसूनच रस प्यालो आणि परत आलो.

पुढच्या हिवाळ्यात मास्तर गेले. छातीत दुखायला लागलं, तीन दिवस दवाखान्यात होते. तिथेही त्यांनी पलंगाच्या चाकांना नावं ठेवली. आता रविवारी गाडी मी सुरू करतो आणि आबाजींना आमच्या दोन्ही अंगणांतून बाहेर नेऊन आणतो. निघण्याआधी डावा मडगार्ड दोनदा पुसतो. चूक काढणारं कोणी नाही याचा मला इतका त्रास होईल असं मला वाटलं नव्हतं.

मास्तरांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच मी वहिनींना म्हटलं होतं, "घरात आता तुम्ही अन् आबाजी दोघंच. उघडं अंगण नको वाटत असेल तर भिंत परत बांधून देतो." वहिनी म्हणाल्या, "दवाखान्यात सांगून गेले ते. म्हणे, बाबूले सांगजो, भित पुन्हा बांधू नको. त्याले ओळंबा समजत नाही."