डाव्या खांद्याजवळची रेघ

पंच म्हणून माझा दरारा होता, हे मीच सांगतो, कारण सांगायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही. जळगावातल्या एका शाळेत मी ड्रिल मास्तर होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती चार-पाच वर्षं. गावात हुतुतूचं वेड होतं आणि ते फुकटचं नव्हतं. जिनिंग प्रेसवाले, तेलगिरणीवाले, रेल्वेवाले आपापले संघ बाळगून होते. खेड्यातला एखादा चपळ गडी नजरेत भरला की त्याला नोकरी देऊन आणायचे. नावाला कापसाच्या गाठी हलवायच्या, खरं काम संध्याकाळी मैदानात. खेळ थांबला की नोकरीही थांबणार, हे कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक असे.

मधल्या रेघेच्या एका टोकाला मी उभा राही. एक अंगण माझ्या उजव्या हाताला, एक डाव्या. रेघा प्रेसच्या बॉयलरच्या राखेने आखलेल्या. कडेच्या रेघेबाहेर पाय पडला की गडी बाद, आणि तो पडला की नाही हे मी सांगायचं. माझ्याशी हुज्जत घातलेली मला खपत नसे. एकदा एका बड्या आडत्याने खुर्चीवरून हात वर करून काही म्हटलं, तर मी त्यालाही खाली बसवलं होतं. बायको म्हणायची, "घरात बोलता तसं तिथं बोलता, कोणी ऐकून तरी कसं घेतं?" मला ते कौतुक वाटे.

तो सामना प्रेस विरुद्ध रेल्वे असा होता. पौषातली थंडी होती, तरी माणसं झाडांवर चढून बसली होती. शेवटच्या मिनिटाला प्रेसकडून जो गडी गेला तो भडगावकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, विशी-बाविशीतला. दोन हंगाम त्याला कोणी धरू शकलं नव्हतं. डावीकडच्या अंगणात शिरला, दोघांना शिवला आणि परतताना माझ्या अगदी डाव्या खांद्याजवळून, कडेच्या रेघेला लगटून निघाला. लोकांनी "ओऽऽ" केलं आणि मी शिट्टी फुंकली. बाद. प्रेस हरली.

तो मधल्या रेघेवर थबकला, वळला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडला, "मास्तर, तुम्ही देखंच नही!"

मी पाहिलंच नाही म्हणे! माझी कानशिलं तापली. त्याच्या टाचेला लागलेली पांढरी राख मी या डोळ्यांनी पाहिली होती. मी त्याला तिथल्या तिथे मैदानाबाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी क्रीडा समितीपुढे तक्रार ठेवली की भर मैदानात पंचाला खोटं पाडणाऱ्याला अद्दल घडली पाहिजे. समितीत गावातले पाच प्रतिष्ठित होते, अध्यक्ष एक म्हातारे वकील, त्यांना सगळे नाना म्हणत. समितीने त्याला वर्षभर खेळायची बंदी घातली. आठवड्याभरात प्रेसने त्याला कामावरून कमी केलं. मला वाईट वाटलं नाही. उलट त्या रात्री मी चांगला जेवलो.

पुढच्या पावसाळ्यात माझं डोकं दुखायला लागलं. बायकोचं टुमणं त्याहून जुनं होतं. मी दाराच्या चौकटीला सारखा डावा खांदा आपटतो, पाणी ओतताना पेल्याबाहेर ओततो, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचो, दारं अरुंद आहेत. शेवटी तिने धोशाच लावला म्हणून चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेलो. तिथे डोळ्यांचे एक डॉक्टर होते, मितभाषी गृहस्थ. त्यांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि माझा डावा डोळा पुठ्ठ्याने झाकला. मी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. मग त्यांनी पुठ्ठा उजव्या डोळ्यावर धरला.

मला वाटलं, खोलीची खिडकी कोणीतरी लावून घेतली.

"वाचा," डॉक्टर म्हणाले.

"काय वाचू? आधी खिडकी उघडा," मी म्हणालो.

"खिडकी उघडीच आहे, मास्तर."

त्यांनी पुठ्ठा काढला. भरदुपारचं ऊन खोलीभर पसरलेलं होतं. पुन्हा धरला, पुन्हा अंधार. मी त्यांच्या हातातून पुठ्ठा अक्षरशः हिसकावला आणि स्वतःच झाकउघड करत बसलो. चार वेळा, पाच वेळा. काचबिंदू आहे, डॉक्टर सांगू लागले. हळूहळू जातं, दुखत नाही, दुसरा डोळा सांभाळून घेतो म्हणून कळतही नाही. गेलेली नजर परत येत नाही, उजवा वाचवायला थेंब घालावे लागतील. मी विचारलं, कधीपासून गेला असेल? ते म्हणाले, "दोन वर्षं तरी झाली असतील. जास्तच."

डोळा गेला याचं दुःख नंतर झालं. त्या क्षणी माझ्यासमोर फक्त ती टाच होती. पांढरी राख लागलेली टाच मला अजूनही लख्ख दिसत होती आणि ती मी पाहिलेली असणं शक्यच नव्हतं. मैदानात नजर मधल्या रेघेवर खिळवून मान न हलवता उभं राहायचं, ही माझी ऐट. मग डाव्या खांद्याजवळ काय घडतं ते मला कोणत्या डोळ्याने दिसलं? मी लोकांचा ओरडा ऐकला होता, शिट्टी फुंकली होती आणि पाय मागाहून मनाने आणून तिथे ठेवला होता. परतीच्या गाडीत मी स्वतःलाच भ्यालो. आणखी काय काय मी असं न पाहता पाहिलं असेल?

तो मुलगा खरं बोलला होता आणि त्याची भाकरी मी काढून घेतली होती. चार दिवस मला अन्न गेलं नाही. पाचव्या दिवशी मी भडगावची मोटार धरली आणि तिथून त्याच्या खेड्यापर्यंत चालत गेलो.

ओट्यावर त्याचे वडील बसले होते. मी कोण हे कळताच ते धडपडत उठले आणि हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पोऱ्या चुकना. त्याले माफ करा." त्या पांढऱ्या डोक्यापुढे मी फक्त मुलगा कुठे आहे एवढंच विचारलं. मुलगा शेतात आहे म्हणाले, मी तिकडे गेलो. तो कपाशीत निंदणी करत होता. मला पाहून उठला, विळा खाली ठेवला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. धुळ्याचा डॉक्टर, पुठ्ठा, दोन वर्षं. म्हणालो, "तुझा पाय आत होता. मी पाहिलंच नव्हतं. माझं चुकलं."

तो खाली बघत पायाने ढेकळं फोडत राहिला. मग म्हणाला, "पाय भायेर पडना व्हता, मास्तर. मी बादच व्हतू."

मला वाटलं, मीच नीट ऐकलं नाही. "मग ओरडलास कशाला?"

"तुम्ही देखं नव्हतं म्हनीसन. तुमना डावा डोयाले दिसस नही, हाई बठ्ठास्ले माहीत शे. दोन वरीस पासून आम्ही बठ्ठा तठूनच निंघतस. त्या दिन तुम्ही कशी शिट्टी वाजाडी, देव जाने."

दोन वर्षं प्रत्येक संघ माझ्या डाव्या खांद्याजवळून बिनदिक्कत रेघ ओलांडत होता. त्या कोपऱ्यातून सगळ्यांना एवढी वाट का सापडते, याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. उलट शाळेत मी पोरांना सांगायचो, बघा, कडेने कसं निसटायचं ते. मला संताप आला, आणि आला तो आधी त्याच्यावरच. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही मला मूर्ख बनवलंत! एकाने तरी सांगायचं होतं!"

"कोन सांगी तुम्हले?" तो म्हणाला. "मी सांगं ना."

एकाने सांगितलं होतं, आणि त्यालाच मी मैदानाबाहेर काढलं होतं. बाद दिला तो बरोबर, योगायोगाने. आणि शिक्षा दिली ती खऱ्या बोलण्याची. त्याने चोरटेपणा केला होता, तो मान्य करून मोकळा झाला होता. माझं मात्र मोकळं होणं बाकी होतं.

समितीची बैठक रविवारी सकाळी नानांच्या दिवाणखान्यात भरली. मी उभा राहिलो. शाळेला कळलं तर ड्रिलची नोकरी राहील की नाही ही धाकधूक होती. मी म्हणालो, "मला डाव्या डोळ्याने काहीही दिसत नाही. दोन वर्षांहून अधिक काळ दिसलेलं नाही. मी दिलेले निकाल तपासून पाहा, शिट्टी परत घ्या आणि त्या मुलावरची बंदी उठवा." मग गहजब होईल म्हणून वाट पाहत राहिलो.

एकजण सुपारी कातरत होता, तो कातरतच राहिला. नाना शांतपणे म्हणाले, "बसा मास्तर. ठाऊक आहे आम्हाला."

"ठाऊक आहे?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुमच्यासारखा निःपक्षपाती पंच दुसरा नाही. एक कोपरा दिसत नाही तर नाही. दोन्ही संघांच्या वेळी सारखाच दिसत नाही."

मी ओरडलोच, नानांपुढे आयुष्यात पहिल्यांदा. "मग तो पोरगा खरं बोलला हेही तुम्हाला त्याच दिवशी ठाऊक होतं! मग वर्षाची बंदी कशाबद्दल?"

नानांनी चष्मा काढला आणि उपरण्याने पुसत म्हणाले, "तुमचा मान राखायला."

ते प्रेमाने म्हणाले, हे सगळ्यात भयंकर. पाच शहाणी माणसं, कोणाच्या मनात त्या मुलाविषयी आकस नव्हता. त्यांनी माझा मान आणि त्याची रोजी समोरासमोर ठेवली होती आणि सहज निवड केली होती. आणि शिक्षेची मागणी करणारा मी होतो. बंदी उठवायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. पाचही हात वर झाले. त्याच दुपारी मी प्रेसच्या मॅनेजरकडे गेलो, तर त्या जागेवर जामनेरकडचा एक गडी केव्हाच भरती झाला होता. मॅनेजर म्हणाला, पुढल्या हंगामात बघू. त्याच्या सुरावरून कळलं की तो बघणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या खेड्यात गेलो. नोकरी परत आणता आली नव्हती, पण एक काम बाकी होतं. बापलेक दोघेही घरी होते. ओट्याच्या दोन टोकांना बसून जेवत होते. मी उभ्यानेच वडिलांना सांगितलं, "आबा, तुमच्या मुलाने माझा अपमान केला नव्हता. मला दिसत नाही, तेच तो बोलला. खोटा मी होतो. समितीने बंदी उठवली आहे."

म्हाताऱ्याचा हात घासासकट ताटातच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा मान खाली घालून भाकरी मोडत होता. म्हातारा माझ्याकडे वळला.

"आठ महिना झायात, मास्तर," ते म्हणाले. "मी याना संगे एक शबूद बोलनू नही."