परबची केबल कुठून जाते

परब गेल्याची बातमी मला आधी खरी वाटली नाही, आणि त्याला कारण होतं. ती आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली होती आणि टाकणारे होते सेक्रेटरी शिर्के. शिर्क्यांकडे समई, कमळ आणि जोडलेले हात असं एक चित्र कायम तयार असतं. मागे एकदा त्यांनी ते तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या वाढदिवसाला टाकलं होतं, आणि आजींनी स्वतः अंगठा दाखवून पोच दिली होती. मी तेव्हा रत्नागिरीला भाचीच्या लग्नात होतो. मंडपाच्या मागे जाऊन मी सरळ परबच्याच नंबरवर फोन लावला. वाजत राहिला… मग सुनंदावहिनींनी उचलला. ‘‘खरं आहे, भाऊजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.’’ मग त्याच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर दोन बोलावले. एकावर त्यांचा विश्वास बसला नसता.’’

विजय परब आमच्या मुलुंड पूर्वेच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचा, मी दुसऱ्यावर. तो सावंतवाडीकडचा. भांडुपच्या एका कारखान्यात तयार झालेला माल तपासणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. खिशात पांढरा खडू, नापास मालावर फुली. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्यांच्या चुका शोधून दोघांची पोटं भरलेली, त्यामुळे ओळख लवकर झाली आणि मैत्री व्हायला फार वेळ लागला. त्याच्या घरात भिंतीवर दोन वेगवेगळ्या प्रकाशकांची कॅलेंडरं असत. संकष्टीचा चंद्रोदय दोन्हींत पाहायचा, आणि दोन्हींत फरक निघाला की गच्चीवर जाऊन खुद्द चंद्राकडे चौकशी करायची. भाजीवाल्याचा काटा तपासायला खिशात स्वतःचं अर्धा किलोचं वजन घेऊन फिरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. भाजीवाले त्याला पाहिलं की आपणहून दोन मिरच्या जास्त टाकत. त्यावरही त्याचा संशय होता. ‘‘आधी मापात काय तरी मारलेली असतली,’’ तो म्हणायचा.

बिल्डिंगच्या मागच्या अंगणात, त्याच्या स्वयंपाकघरापासून चाळीसेक फुटांवर, पत्र्याची एक खोली आहे. बिल्डरने सिमेंट ठेवायला बांधली आणि जाताना विसरला. पहिल्या कमिटीने ती परबला सामान ठेवायला लेखी दिली होती. सुनंदावहिनी ब्लाउज शिवतात, त्यांचं शिवण साऱ्या मुलुंडात नावाजलेलं. पण परबची आई अंथरुणाला खिळलेली आणि मशीनच्या आवाजाने तिचं डोकं उठायचं, म्हणून मशीन त्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिथे वीज नव्हती. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, आणि पावसाळी दिवसांत भर दुपारी वहिनी चार्जिंगच्या दिव्याखाली काज करत बसायच्या. परबने स्वतःच्या मीटरवरून वीज नेण्यासाठी कमिटीकडे अर्ज केला. कमिटीने उपसमिती नेमली. उपसमितीने जागेची पाहणी केली, वहिनींनी दिलेलं सरबत घेतलं, आणि अर्ज दोन वर्षं विचाराधीन राहिला. मग परब म्हणाला, ‘‘मीच टाकतंय. जमिनीखालून.’’

आधी त्याने तीन वायरमन बोलावले. पहिला म्हणाला, साहेब, कपड्यांच्या दोरीवरून वायर नेऊ, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्याला साधी वायर प्लॅस्टिकच्या नळीत घालून वीतभर खोल पुरायची होती. तिसरा बरा वाटत होता, पण त्याने टेस्टर लावून ‘बंद आहे’ म्हटल्याबरोबर परबने विचारलं, ‘‘आणि टेस्टर चालू आहे कशावरून?’’ तिघांवरही फुली. मग मी त्याला ओळखीच्या ग्रंथालयातून वीजजोडणीची दोन पुस्तकं आणून दिली. ती त्याने महिनाभर वाचली. एक दिवस एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. ‘‘हे बघ. अडीच फूट खोल. छपाईची चूक नाही ना रे? इंच असायचं?’’ मी शुद्धिपत्र पाहिलं, दुसऱ्या पुस्तकाशी ताडून पाहिलं. फूटच होतं. ‘‘मग तीन खणूया,’’ तो म्हणाला.

खणायचं कधी, हा प्रश्न होता. अंगण सोसायटीचं, परवानगी नव्हती, आणि मागच्या बाजूला बारा खिडक्या उघडतात. मुहूर्त शिर्क्यांनीच दिला. रविवारी गच्चीवर वार्षिक सर्वसाधारण सभा होती, माइकसकट. विषय एकच: प्रवेशद्वारावरची नावाची पाटी संगमरवराची असावी की ग्रॅनाइटची. आम्ही खाली कुदळ-फावडं घेऊन सज्ज. परबचा नियम असा, की माइक चालू तोवर खणायचं, माइक थांबला की कर्दळीचा कांदा हातात घेऊन उभं राहायचं. मला आयुष्यात पहिल्यांदा वक्तृत्वाचा उपयोग कळला. शिर्के ‘‘संगमरवर ही आपली परंपरा आहे’’ म्हणाले तेव्हा आम्ही अंगणातल्या नळापर्यंत पोचलो होतो. विरोधकांनी ग्रॅनाइटच्या टिकाऊपणावर अर्धा तास घेतला, त्यात खोलीपर्यंतचा चर पुरा झाला. तळाला वाळू, तिच्यावर पोलादी पट्ट्यांचं कवच असलेली अंगठ्याएवढी जाड केबल, वर पुन्हा वाळू, वाळूवर ओळीने विटा, आणि विटांवर लाल पट्टी. उद्या कोणी खणलंच तर आधी लाल दिसावं. मग माती, मातीवर कर्दळ.

पाटीचा निर्णय न झाल्यामुळे सभा पुढच्या रविवारवर तहकूब झाली, म्हणून आम्हाला जोडणीसाठीही रविवार मिळाला. परबने मेन स्विच पाडला आणि मला स्टूल देऊन मीटरपाशी बसवलं. ‘‘हलू नको. देव आला तरी हात लावू देऊ नको.’’ मी अडीच तास बसलो. पाठीला रग लागली, डास चावले, पण एका माणसाचा जीव माझ्यावर अवलंबून आहे या विचाराने मी थोडा फुगलोही होतो. जोडणी संपवून तो आला, खिशात हात घातला आणि फ्यूज बाहेर काढला.

‘‘हे काय?’’

‘‘फ्यूज. सकाळीच काढून ठेवलेला.’’

‘‘मग मला कशाला बसवलंस?’’

‘‘फ्यूज खिशातून पडला असता तर?’’

‘‘म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही.’’

‘‘तुझ्यावर आहे रे. तुला झोप लागली तर?’’

मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तोच वर आला. चहा घेतला, दार लावलं आणि म्हणाला, ‘‘केबल नळाकडून गेलीय हे तुला आणि मला माहीत. तिसऱ्याला नको. सुनंदालाही बोलू नको, बायकांच्या बोलण्यात जाईल. कमिटीला कळलं तर उपटून टाकतील. पण मी नसेन तेव्हा कोणी तिथे खणायला लागला तर थांबव. एवढंच.’’ मी शब्द दिला. रागही गेला… त्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट कोणाला सांगितली आणि ती मला, असं मला वाटलं.

वीज सुरू झाल्यावर मशीनला मोटर बसली, पण आठ दिवस त्याने वहिनींना तिला हात लावू दिला नाही. रोज रबरी चपला घालून जायचा, मशीनला हाताची मागची बाजू टेकवून बघायचा, आणि वहीत काही टिपायचा. नवव्या दिवशी पंखा फिरला, मशीन धावली. पुढे आई गेली, मशीन घरात आणता आली असती, पण वहिनींनी आणली नाही. त्या खोलीत त्यांच्या कपाटाला त्यांचंच कुलूप होतं, गिऱ्हाइकं मागच्या दाराने त्यांच्याकडे यायची. ती खोली त्यांची झाली होती. परब गेल्यावर नाशिकहून मुलगी न्यायला आली, तेव्हाही त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘माझी मशीन इथे आहे.’’

आणि मग शिर्क्यांना वृक्षारोपण सुचलं. ‘कै. विजय परब स्मृतिवृक्ष’. बकुळीचं रोप, खाली संगमरवराची पाटी, प्रमुख पाहुणे, नारळ. जिवंतपणी ज्याला कमिटीने एक दिवा लावू दिला नाही, त्याच्या नावाने आता सावली. पण मला घाम फुटला तो जागेमुळे. नकाशावर शिर्क्यांनी फुली मारली होती ती नळापासून तीन हातांवर, बरोबर आमच्या चरावर, आणि झाडासाठी पाटीसकट चार फुटांचा खड्डा. बोललो तर बेकायदा केबल उघड होणार, वहिनींची खोली अंधारात जाणार, आणि मग नाशिकला नको म्हणायला त्यांच्याकडे कारण उरणार नाही. गप्प राहिलो तर माळ्याची लोखंडी पहार. त्या दिवशी गुपचूप मेन स्विच पाडून माळ्याचा जीव वाचवता आला असता, पण केबल तुटणार ती तुटणारच. मी वहिनींकडे गेलो आणि शब्द मोडून सगळं सांगितलं.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘काही बोलू नका, भाऊजी. खणू देत. तिथे केबल नाहीच.’’

‘‘वहिनी, मी स्वतः पुरलीय.’’

‘‘तुम्ही मग कणकवलीला गेला होता ना दहा दिवस? तेव्हा ह्यांनी परत खणलं. भिंतीला धरून गेलीय ती. मला म्हणाले, त्याला सांगू नको, तो गप्पिष्ट आहे.’’

गप्पिष्ट! मी जिना चढून वर आलो. कोणावर संशय घ्यावा तेच कळेना. खोटं मला सांगितलं होतं की बायकोला?

समारंभाच्या सकाळी अंगणात सतरंज्या होत्या, माइक होता, प्रमुख पाहुणे अर्थातच नव्हते. माळ्याने नळाजवळ पहार उचलली. मला राहवलं नाही. ‘‘इथे नको! पाणी साचतं,’’ मी ओरडलो. शिर्के चिडतील असं वाटलं होतं, पण ते लगेच म्हणाले, ‘‘बरं, भिंतीकडे घेऊ.’’ वहिनी उठून उभ्या राहिल्या. ‘‘भिंतीकडे नको, मुळं भिंत फोडतील.’’ पहिल्या मजल्यावरचे कांबळे, बँकेतले, कधी एक शब्द जास्त न बोलणारे. ते म्हणाले, ‘‘मग मधोमध लावा ना.’’ यावर शिर्क्यांचा चेहरा पडला. ‘‘मध्ये नको. मध्ये अजिबात नको. टाकीच्या बाजूला चालेल.’’ आता कांबळे पुढे आले. ‘‘टाकीच्या बाजूला? छे छे, तिथे… तिथे पाया आहे.’’ माळी पहार घेऊन एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चालला होता. शेवटी वैतागून तो गटाराजवळच्या पपईखाली उभा राहिला, तर फाटकावरून आमचा वॉचमन यादव धावत आला. ‘‘अरे उधर मत खोदो भाई! परब साहब ने बोला है.’’

माइक चालू होता, त्यातून नुसती खरखर येत होती. शिर्क्यांनी तो बंद केला आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, ‘‘तुम्हालाही सांगितलं होतं?’’

‘‘तुम्हाला कधी सांगितलं?’’

‘‘तेव्हाच. म्हणाला, शिर्के, नियम तुम्हाला माहीत आहेत म्हणून फक्त तुम्हालाच सांगतो.’’ आणि हा माणूस, ज्याने माझ्या गॅलरीतल्या कुंडीवर नोटीस काढली होती, तो अकरा वर्षं ते पोटात ठेवून होता. कांबळे चष्मा पुसत म्हणाले, ‘‘मला म्हणाला, तुम्ही कमी बोलता म्हणून.’’ यादवला त्याने काय कारण दिलं होतं ते यादवने सांगितलं नाही. पाच माणसं, पाच रस्ते. आमच्यापैकी कोण फुटतो ते पाहायला परबने पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या असणार, हे मला तेव्हाच पटलं. त्याच्या पश्चात अंगणाची प्रत्येक हातभर जागा कोणीतरी राखावी म्हणून, असं कांबळे म्हणतात. कांबळे चांगले गृहस्थ आहेत. मला ते पटत नाही. पटायला हवं असेल कदाचित…

‘‘आता?’’ माळी म्हणाला. सगळे शिर्क्यांकडे पाहू लागले. वहिनींनी पदर घट्ट धरला होता. शिर्क्यांनी खिशातून सभेची वही काढली, डोळ्यांजवळ धरली आणि नेहमीच्या सुरात वाचून दाखवलं, ‘‘योग्य जागेअभावी वृक्ष कुंडीत लावण्याचे ठरले. अन्य विषय नसल्याने सभा समाप्त.’’ मग वही मिटून साध्या आवाजात म्हणाले, ‘‘वहिनी, माझ्या मिसेसचे दोन ब्लाउज राहिलेत तुमच्याकडे.’’ वहिनी अंगण ओलांडून खोलीत गेल्या. पंखा फिरायला लागला, आणि आम्ही नारळ फोडत असताना आतून मशीनचा आवाज येऊ लागला.

कांबळ्यांच्या बँकेतल्या कोणाकडे जमिनीखालची तार शोधायचं यंत्र आहे. आणू का, असं त्यांनी विचारलं. उत्साह कोणीच दाखवला नाही. मी मात्र परवा दुपारी न राहवून खोलीत गेलो. वहिनी अस्तर लावत होत्या. वर पंखा, कोपऱ्यात परबच्या रबरी चपला, तशाच. मी म्हटलं, ‘‘वहिनी, आता आपल्यातच. खरी कुठून गेलीय?’’

मशीन थांबली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अगदी त्याच्यासारखं, माझ्या कपाळावर खडू ओढल्यासारखं.

‘‘तुम्हाला कशाला हवंय?’’ त्या म्हणाल्या, आणि पाय पुन्हा पेडलवर ठेवला.