मोटारीतून कुडपणला नेलेली गिरणी

गेल्या महिन्यात एका वाचकाने विचारलं, "ताई, कुडपणला साधी गाडी जाते का?" जाते. आता डांबरी रस्ता आहे. पावसाळ्यात मात्र दरडीची चौकशी करून निघा. आम्ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गेलो तेव्हाही आमची गाडी साधीच होती. फक्त डांबरी रस्ता नव्हता, आणि मागच्या सीटच्या जागी डिझेल इंजिन होतं.

पोलादपूरच्या वरच्या डोंगरातलं कुडपण माझं माहेर. जायचं ठरलं ते वैनीमुळे. माझा दादा मुंबईला नोकरीला होता आणि वैनी गावी शेती आणि सासरा, म्हणजे माझे आबा, सांभाळून होती. कुडपणात तेव्हा पिठाची गिरणी नव्हती. बायका पहाटे उठून जातं ओढायच्या, नाहीतर दळणाची पाटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरायच्या. वैनीने महाडला बंद पडलेल्या एका गिरणीचं इंजिन आणि दळायचे दगड विकत घेतले. घेतले खरे, पण वर न्यायचे कसे? बैलगाडी त्या चढाला जात नसे. ट्रकवाले वळणं ऐकूनच नको म्हणाले. एक जीपवाला रस्ता बघून आला आणि परत तोंड दाखवलं नाही त्याने. गिरणीच्या मालकाने निरोप धाडला, "माघी पुनवेपर्यंत उचला, नायतर दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

ह्यांची महाडला टॅक्सी होती. त्या काळी सगळ्या टॅक्स्या असत तशी, गोल पाठीची. रायगडाला जाणारी माणसं नाते गावावरून पायथ्याला सोडायची, शिवथरच्या घळीला जाणारी खोऱ्यात न्यायची, हा ह्यांचा धंदा. त्या वाटा म्हणजे निम्म्या चाकोऱ्याच. त्यामुळे खराब रस्त्याची भीती ह्यांना नव्हती. भीती वजनाची होती.

"ती जीप नाय, सुमन," हे म्हणाले. "जीपला खाली चासी असते, लोखंडाचा सांगाडा. सगळं वजन त्याच्यावर. आपल्या गाडीला तसलं काय नाय. हा पत्रा हाच तिचा सांगाडा. तो फाटला की संपलं."

"मग पत्रा जाड करा," मी म्हटलं.

मी रागातच बोलले होते. माझ्या माहेरच्या कामाला नाही म्हणतात म्हणून डोळ्यांत पाणीही आलं होतं.  दुसऱ्या सकाळी हे जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा स्टँडवर नाही, हुसेनभाईंच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये गेले.

दुपारी मी बघायला गेले तर गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवलेली, चारी चाकं काढलेली, सीटा बाहेर उन्हात. हुसेनभाई ह्यांचे जुने मित्र. ते स्क्रू ड्रायव्हरने खालचा पत्रा टोचत होते आणि जिथे टोचतील तिथे गंजाचे पापुद्रे पडत होते.

"दत्ताराम, ही गाडी नाय रे, चाळण हाय," हुसेनभाई म्हणाले.

आधी सडका पत्रा कापून नवा जाड पत्रा बसवला. मग दारांच्या उंबऱ्याखालून दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल, म्हणजे पन्हाळीसारख्या जाड पट्ट्या, घातले, पुढून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत, आणि मध्ये दोन आडवे तुकडे. इथे दोघांचं वाजलं. ह्यांचं म्हणणं, चॅनल पाट्यांच्या मागे, पार डिकीपर्यंत न्या, कारण वजन मागेच बसणार. हुसेनभाई म्हणाले, "तितका लांब नेला तर शेपूट खाली येईल. नाल्यातून वर चढताना पयलं तेच टेकंल." चहा आला, संपला, वाद संपला नाही. शेवटी चॅनल पाट्यांपाशी थांबवायचं ठरलं. आज वाटतं, दोघंही बरोबर होते.

गाडी तयार झाल्यावर आम्ही एका सकाळी निघालो. मागची सीट घरीच ठेवली होती. इंजिनाची जड चाकं आणि दगड पुढच्या खेपेला न्यायचे होते, तरीही नुसतं इंजिन आत ठेवल्यावर गाडीने मागून बसकण मारली. मी पुढे, पायाशी भाकरीचं फडकं आणि पाण्याचा कॅन. पोलादपूरला थांबून उसळ-पाव आणि चहा घेतला. तुम्हीही इथेच पोट भरून घ्या. पुढे आजही हॉटेल म्हणावं असं फारसं लागत नाही. डिझेल-पेट्रोलही इथेच.

हमरस्ता सोडला आणि लाल माती सुरू झाली. रोजगार हमीच्या कामावर गावच्याच लोकांनी खणलेला रस्ता. दर पावसाळ्यात वाहून जायचा, दर हिवाळ्यात पुन्हा खणायचा. अवघड वळणांवर गाडी एका दमात फिरायची नाही. हे पुढे घ्यायचे, थांबायचे, मी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायची, हे मागे घ्यायचे, मी दगड काढायची. इंजिन दोरांनी आवळलेलं होतं, तरी प्रत्येक धक्क्याला कुरकुरायचं. खाली दरी, वर कारवीचं रान.  

बराच चढ मागे टाकल्यावर पावसाने आडवी खणून ठेवलेली एक घळ लागली. ह्यांनी गाडी तिरकी घातली, पुढची चाकं निघाली, मागची आत आपटली. धातू फाटल्यासारखा आवाज झाला. गाडी बंद पडली नाही, वर निघाली. पुढच्या वळणावर मी दगड लावायला उतरले, परत बसले आणि दार ओढलं. दार लागेना. पुन्हा ओढलं. वरच्या बाजूला बोटभर फट आणि खाली पत्र्यावर पत्रा घासत होता.

"दार लागत नाही," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे नाही, त्या फटीकडे बघितलं. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि पाठीवर झोपून गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा केसांत लाल माती होती.

"चॅनल जागचा हाललेला नाय," ते म्हणाले. "तो संपतो, त्याच्या मागं फाटलंय. हातभर."

इतके दिवस मी हट्ट धरला होता. त्या क्षणी मीच म्हणाले, "परत फिरू या. राहू दे ती गिरणी."

"फिरवायची कुठं? जागा हाय का? आणि हे वजन घेऊन उताराला ब्रेक मारला तर डिकी रस्त्यात राहील नि आपण खाली. इंजिन हितंच उतरवायला हवं. तू गावात जा, माणसं आण. मी थांबतो."

मी निघाले. चढ मला लहानपणापासून पाठ होता, पण त्या दिवशी छातीचा भाता झाला. मागे वळून बघितलं तर हे गाडीच्या सावलीत बसले होते, एक हात बंपरवर ठेवून, आजारी जनावराजवळ बसतात तसे. आमचं घर त्या गाडीवर चालत होतं.

वैनी शेणाने अंगण सारवत होती. मी धापा टाकत सांगितलं. तिने हात धुतले आणि घरोघर हाका घालत सुटली. थोड्या वेळात माणसं दोर, बांबू घेऊन उतरायला लागली. वैनी सगळ्यांच्या पुढे. गाडीपाशी आल्यावर ती त्या न लागणाऱ्या दाराकडे बघत उभी राहिली.

"जावईबापू," ती म्हणाली, "माज्यापायी गाडी गेली काय हो तुमची?"

"गाडी हाय हितंच," हे म्हणाले. "आधी इंजिन उतरवा. सावकाश, तिला आता धक्का नको."

दोन ओंडके तिरपे लावून, मागून दोर ढिला सोडत इंजिन खाली घेतलं. मग बांबू बांधले, माणसं खांद्याला लागली. एका जागी माणूस कमी पडत होता. वैनीने पदर खोचला आणि बांबूखाली शिरली. आबा काठी टेकत आले होते, ते ओरडले, "गो, बाईमाणसानं खांदा द्यायचा नाय!"

"मंग दळान कोन वाहतंय इतकी वर्सं?" वैनी म्हणाली, आणि बांबू उचलला गेला.

मागे राहिलेल्या दोघांना घेऊन ह्यांनी ऐनाचं एक सरळ लाकूड गाडीखाली, फाटलेल्या जागेच्या पुढून मागपर्यंत, साखळीने आवळून बांधलं. मोडलेल्या पायाला कामट्या बांधतात तसं. रिकामी गाडी हळूहळू वर आली. रात्री नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेलं सुकट. सकाळी समोर प्रतापगड स्वच्छ दिसत होता. तुम्ही गेलात तर मुक्काम करा आणि उजाडताना पठाराच्या कडेला या. घरगुती जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी कळवा.

उतरताना माझ्या बाजूचं दार दोराने बांधलेलं होतं. वाईट जागी मी उतरून चालायची आणि गाडीखालचं लाकूड सरकतंय का ते बघायची. महाडला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. हुसेनभाई खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

"तू म्हनत होतास तसा मागपर्यंत न्यायला पायजे होता," ते म्हणाले.

"मागपर्यंत असता तर घळीतच अडकलो असतो. तुझंही खरं," हे म्हणाले, आणि दोघं कामाला लागले.

इंजिनाची चाकं आणि दगड नंतर गावकऱ्यांनी बांबूवरूनच नेले. होळीच्या आधी गिरणी सुरू झाली. गावात वीज आल्यावर इंजिन गेलं, मोटर आली, पण वैनी शेवटपर्यंत गिरणीवालीच राहिली. आमची गाडी पुढे काही वर्षं चालली आणि मग भंगारात गेली.

मला त्या प्रवासातलं काय राहिलं म्हणाल, तर प्रवास संपल्यानंतरचं. गाडी शेडमध्ये उघडी पडलेली होती, घरात कमाई नव्हती. स्टँडवरचे एक टॅक्सीवाले संध्याकाळी ओटीवर येऊन बसले. मी आत चूल पेटवत होते.

"काय रे दत्ताराम," ते हसत म्हणाले, "बायकोच्या माहेरापायी गाडी मोडून आलास म्हनं?"

माझा हात थांबला. काय उत्तर येतं ते ऐकायचं होतं आणि नकोही होतं.

"छ्या," हे म्हणाले. "गिरणी पोचवून आलो."

आणि मग आत हाक मारली, "सुमन, चहा टाक गो. दोन कप."

मी तीन टाकले. आणि माझा कप घेऊन पहिल्यांदाच बाहेर ओटीवर, त्यांच्यात जाऊन बसले.