घरची मंडळी, रविवारची मंडळी

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो ना, तसेच किस्सेही साचतात. मशीन चालू असताना कुणाचं लक्ष नसतं. मशीन थांबलं की पायाला टोचतात! पिंपरीच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शन खात्याचा प्रमुख होतो. दुसऱ्याने केलेला माल मोजायचा, आणि केसभर जरी चुकला तरी त्यावर लाल पट्टा मारून रिजेक्ट करायचा, हे माझं काम. शिक्षण इतकं, की सगळे मला डॉक्टरसाहेब म्हणायचे. धीर मात्र कमी. त्यामुळे आठवणीही मी दोनदा मोजून बघतो. तरी इथे काही मागेपुढे झालं असेल तर सांभाळून घ्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्या बायकोच्या, सुशीलाच्या, अंगावर सूज यायला लागली. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या निकामी. दुसरी बसवली नाही तर फार दिवस नाहीत, असं मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

*

टर्निंग शॉपचे शिंदे फोरमन माझे जुने मित्र. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि कसाबसा म्हणालो, "शिंदे, आमची मंडळी फार आजारी आहे हो."

आम्ही ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजालाही मंडळीच म्हणतो. शिंद्यांना ते ठाऊक होतं.

"घरची की रविवारची?"

"घरची."

शिंद्यांचा चेहरा उतरला. हातातला चहा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. आणि म्हणाले, "मग त्या रविवारच्या मंडळीला कामाला लावा की राव! एरवी काय नुसती गाणीच म्हणायची?"

*

रविवारची मंडळी कामाला लागली. दर मंगळवारी संध्याकाळी चिंचवडला सोनाबाईंच्या दोन खोल्यांत प्रार्थनेला पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने बसायची. सोनाबाई मूळच्या नगरकडच्या. नवरा गेलेला, मुलगा कंपनीत. देवाशी त्या शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायच्या.

मला तसं जमेना. माझी पाळी आली की मी देवाला पूर्ण केस समजावून सांगायचो. एका मंगळवारी मी डोळे मिटून रक्तातल्या युरियाचा आकडा सांगितला, मागच्या आठवड्याचा सांगितला, दोन्हींतला फरक सांगितला, आणि फरक कशामुळे पडला असावा त्याची दोन कारणं द्यायला लागलो...

"आमेन!" सोनाबाई मोठ्याने म्हणाल्या. सगळ्यांनी मागोमाग आमेन म्हटलं. माझी प्रार्थना तिथेच संपली!

मी डोळे उघडून बघितलं तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. "डाक्टरसाहेब, त्याला समदं ठावं हाय. त्याला कशापायी रिपोर्ट वाचून दावता? रडायचं असंल तर रडा की नीट!"

*

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, शांत गृहस्थ. ते बायबलचा आधार देऊन धीर द्यायचे, "मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरे आहे."

त्यांनी धीर दिला आणि मला नवीन काळजी लागली. माझा तेवढा आहे का?

दुसऱ्या दिवशी मी घरून कागदाच्या पुडीत मोहरी नेली. मोजमापाच्या खोलीत कुणी नाही असं बघून एक दाणा मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला आणि फिरकी फिरवली. जरा जास्त फिरली असावी. कट् असा आवाज झाला आणि दाणा फुटला!

मागे शिंदे उभे. "काय मोजताय?"

मला खोटं बोलता येत नाही. खरं सांगितलं. शिंद्यांनी वाकून तो फुटलेला दाणा बघितला.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "याच्यावर पण लाल पट्टा मारणार का?"

*

किडनी कोण देणार हा प्रश्न होता. सुशीलाच्या आईची जुळेना. माझी जुळण्याचा प्रश्नच नव्हता, रक्तगटच वेगळा. सुशीलाच्या धाकट्या भावाची, योहानची, जुळली.

योहान आमच्याच कारखान्यात लेथवरचा टर्नर. सख्खा मेहुणा असूनही त्याचा माल मी इतरांसारखाच तपासायचो. आठवड्यातून एखाद्या जॉबवर लाल पट्टा ठरलेला. घरी जेवायला आला की बहिणीला सांगायचा, "ताई, तुझ्या नवऱ्यानं आज परत माझी इज्जत काढली!"

मुंबईच्या इस्पितळात सर्जनने आम्हाला समोर बसवलं. योहानने आधी माझी ओळख करून दिली, "हे आमचे दाजी. डॉक्टर आहेत."

सर्जन खूश झाले. "अरे वा! कशातले?"

मी तोंड उघडायच्या आत योहान म्हणाला, "बिडातले!"

बीड म्हणजे ओतीव लोखंड. धातुशास्त्रात डॉक्टरेट आहे, हे मग मी ओशाळून सांगितलं. सर्जन हसले आणि पुढचं समजावू लागले. ऑपरेशन कठीण नाही. खरी भीती एकच. शरीर नवीन किडनी परकी समजून नाकारतं. त्याला म्हणतात रिजेक्शन.

तो शब्द मी रोज चाळीस वेळा उच्चारत असेन. त्या दिवशी पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकला.

योहानने मात्र खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टर, रिजेक्ट करणारं नक्की कोण असतं? हे दाजी नाहीत ना?"

*

मंगळवारच्या प्रार्थनेत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शंका काढली. बायबल म्हणतं, जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले सगळे देहासकट परत उठणार. मग योहानची किडनी कुणाच्या देहात उठणार? योहान अर्धवट उठला तर?

 मला तर ही शंका आधीच आली होती, फक्त विचारायचं धाडस नव्हतं! पाळकसाहेब घसा खाकरून उत्तराची तयारी करत होते.

सोनाबाई आतून चहाची किटली घेऊन आल्या. "आदामाला गाढ झोप लावून देवानं हव्वा घडवायला त्याची फासळी काढली का न्हाई?"

"काढली."

"परत दिली?"

"नाही."

"मग आदाम उठंल तसाच आमचा योहान उठंल. पयलं आप्रेशन देवानंच केलंय, आन तेबी बाईमाणसासाठीच! च्या घ्या."

"आणि रिजेक्शन?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हव्वेनं कुठं नको म्हटली फासळी? कुरकुर आदामाचीच चाललीय अजून!"

पाळकसाहेबांनी त्या दिवशी बोध केला नाही. उरलाच नव्हता!

*

ऑपरेशनला रक्ताच्या बाटल्या लागणार होत्या. मागायची मला लाज वाटत होती. ज्यांचा माल मी वर्षानुवर्षं परत पाठवला, त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने जायचं? शिंद्यांनी परस्पर शॉपमध्ये सांगून टाकलं. पहिली शिफ्ट सुटली तेव्हा माझ्या केबिनसमोर रांग!

सर्वांत पुढे मिलिंग मशीनवरचा कांबळे, योहानचा जिवलग. बाह्या वर सरसावलेल्या. "साहेब, मी बौद्ध. तुमच्या देवाची ना नाही ना?"

"अरे, त्याची कसली ना?"

"मग तुमची?"

 मी मानेनेच नाही म्हटलं.

कांबळेने मागे वळून रांगेला ओरडून सांगितलं, "चला रे! आज साहेब सगळ्यांचा माल घेणारेत. संधी सोडू नका!"

*

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बहीणभावाच्या खाटा शेजारी होत्या. सुशीला फार अशक्त झाली होती. ती योहानला म्हणाली, "अजूनही नाही म्हण. मी रागावणार नाही."

"ताई, तू लहानपणी तुझ्या ताटातली अर्धी भाकर मला द्यायचीस, तेव्हा मी नाही म्हटलं होतं का?"

"नाही."

"मग आता तू गप खा!"

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. प्रार्थना करत होतो की काळजी, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्या काळात दोन्हींचा आवाज सारखाच यायचा.

*

सकाळी दोघांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि पाळकसाहेब. ते माझा हात धरून बसले. असं वाटलं, की आता दार उघडेल आणि कुणीतरी मान हलवेल. माझ्या डोळ्यांपुढे सारखा लाल पट्टा यायचा.

दुपारी दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढून हसल्या.

"नवीन किडनीने काम सुरू केलं. युरिन पास झाली!"

मला फक्त शेवटचे दोन शब्द ऐकू आले. पाळकसाहेब बाकावरून उठले आणि परत बसले.  

सिस्टर म्हणाल्या, "थांबा, मोजमापाच्या भांड्यात धरलीय. नक्की किती झाली ते मोजून सांगते."

मी थांबलो नाही. मास्क लावून थेट योहानच्या खाटेपाशी गेलो. तो नुकता शुद्धीवर येत होता. ओठ कोरडे, चेहरा पांढरा. डोळे अर्धे उघडून त्याने मला ओळखलं.

"दाजी... माल?"

"पास!"

त्याच्या कपाळावर आठी पडली. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट आला.

"मोजलात?"

"नाही."

योहानच्या कपाळावरची आठी गेली. मग त्याने डोळे मिटले.

"आमेन!"