पालथी निजलेली नात

जंतुनाशक साबणाचा वास आला की बारामतीच्या एका रुग्णालयातील नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आठवतो. माझी नात सातव्या महिन्यातच जन्मली होती. सून अजून खाटेवरून उठली नव्हती, म्हणून कोपरापर्यंत हात धुऊन मी आत गेलो. परिचारिकेने नळीने दूध देऊन नातीला पालथे निजवले होते. आमच्या निरवांगी गावात डोके गोल व्हावे म्हणून तान्ह्या बाळाला उताणेच निजवतात. परिचारिकेची पाठ वळताच मी काचपेटीत हात घालून नातीला उताणे केले. क्षणात दूध ओठांवर आले आणि यंत्र वाजू लागले. परिचारिकेने धावत येऊन तोंड पुसले, नातीला पुन्हा पालथे केले. “आबा, करडू हाय व्हय हे, हवं तसं उलटायला?” “करडू असतं तर मला कळलं असतं,” जन्मभर शेळ्या राखलेला मी म्हणालो. ती हसली नाही. “कालपासनं हिच्या पोटात दूध ठरंना. घरी नेल्यावर उताणंच निजवा. हितं मशीन लक्ष ठेवतंय, म्हणून पालथं.” पुढच्या वेळी दूध दिल्यावर तिने माझा हात नातीच्या पाठीवर ठेवला. “हलवू नका, नुसता ठेवा.” माझ्या तळहाताखाली ती पाठ पुरती झाकली गेली. अर्धा तास मी वाकून उभा होतो. दूध वर आले नाही. “जिरलं बघा, आबा,” परिचारिका म्हणाली. सुनेला जाऊन सांगायचे होते; पण हात काढवेना. मुलांना जवळ घेणे माझ्या स्वभावात नाही. नात आता शाळेत जाते. ती निघाली की तिच्या पाठीवर हात ठेवतो, तेवढेच.