विरोधातलं एकच नाव

मोबाईलवर कुणी ‘तुमचं मत कुणाला?’ असा पोल टाकला की एक जुनी घटना आजही आठवते आणि माझा अंगठा जागच्या जागी थांबतो. साताऱ्यातल्या आमच्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर निवडणुका आल्या की असे पोल दिवसाला दोन-दोन येतात. मी बटण दाबत नाही म्हणून सगळे मला माणूसघाणा म्हणतात. म्हणोत बापडे.

तेव्हा मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जतकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती आणि सरपंचपदाला दोघे उभे होते. एक फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार, सरळ आणि जरा भाबडा. दुसरा टँकरमालक. उन्हाळ्यात त्याच्या टँकरवर अख्खं गाव पाणी प्यायचं.

बंदोबस्ताची आखणी चालली होती. माणसं कमी, गावं जास्त, नेहमीचंच रडगाणं. गावोगावच्या खबरा काढणाऱ्या आमच्या गोपनीय अंमलदारानं त्याचा मोबाईल माझ्यापुढे धरला. सुभेदाराच्या पुतण्यानं गावच्या ग्रुपवर पोल टाकला होता आणि घरोघर फोन करून लोकांना बटण दाबायला लावलं होतं. कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी दिसत होतं. टँकरमालकाच्या घरची माणसं गप्प बसली होती. बाकी सगळी नावं सुभेदाराच्या बाजूला, आणि विरोधात एकच नाव. ते होतं गावाबाहेर वस्तीवर राहणाऱ्या एका मेंढपाळाचं.

“एकतर्फी हाय साहेब. हितं काय राडा व्हत न्हाई,” अंमलदार म्हणाला.

नोकरीभर मी माणसांचे जबाब उलटेपालटे करून तपासले. ती यादी बघताना मात्र मी डोकं गहाण ठेवलं. ते गाव संवेदनशील गावांच्या यादीतून काढलं आणि निकालाच्या दिवशी तिथे नेमलेले चार होमगार्ड दुसरीकडे पाठवले. आदेशावर सही माझीच आहे.

निकालाच्या दिवशी सुभेदार सपाटून पडला. दुपारी दोनच्या सुमारास, निम्मं गाव मोजणीला तालुक्याला गेलेलं असताना, त्या मेंढपाळाची कडब्याची गंज पेटली. तो मेंढरं घेऊन माळावर होता, बायको शेजारच्या गावी. पाणी होतं ते टँकरमालकाकडे, आणि त्याचे टँकर गुलालाच्या मिरवणुकीत अडकलेले. मी पोहोचलो तेव्हा राख धुमसत होती. पंचनाम्यात पेट्रोलचा वास येणारी, अर्धवट वितळलेली बाटली मिळाली.

मी उसाच्या पट्ट्यातला माणूस. “कडबाच ना, निदान कुणी भाजलं तरी नाही,” असं मी बोलून गेलो. तोवर माळावरून परतलेल्या मेंढपाळानं माझ्याकडे बघितलं. “साहेब, काढणी हून म्हैना झालाय. वरीसभराची वैरन व्हती ही. मेंढरं हिंडून खात्याल. बैलं काय खातील?” दावणीला खिलार बैलजोडी उभी होती. त्यानं ती वासरापासून वाढवलेली. मला स्वतःचीच लाज वाटली.

संशय सरळ सुभेदारावर होता. त्याला बोलवायच्या आत तोच ठाण्यात आला, हातात मोबाईल उघडा धरून.

“मशीनमदी गडबड हाय साहेब. ही बघा नावं. येवढी समदी मानसं माज्या तोंडावर खोटं बोलत्यात व्हय? ह्यो एकलाच इरोधात हाय.”

“म्हणून त्याची गंज पेटवली?”

त्याचा चेहरा उतरला. “मी वर्दी घातल्याली हाय. जनावराच्या म्होरची वैरन जाळीन व्हय मी?” दोन वाजता तो मोजणीच्या हॉलमध्येच फेरमोजणी मागत बसला होता, हे आमच्याच माणसांनी सांगितलं. मी त्याला घरी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांचा फोन आला. “साहेब, गावातला किराणा दुकानदार कवा दुकान बंद ठेवत न्हाई. काल सकाळी घरची मानसं बसल्याली, पर दुपारपास्नं बंद हाय.” हा दुकानदार सुभेदाराचा उजवा हात. पोलमध्ये पहिलं नाव त्याचं. मोजणीला तो सुभेदाराचा प्रतिनिधी म्हणून बसला होता आणि शेवटपर्यंत तिथेच होतो असं सांगत होता. आम्ही गेटवरचं रजिस्टर मागवलं. बाहेर पडल्याची वेळ बारा वाजून दहा मिनिटं, खाली त्याचीच सही.

मी त्याला समोर बसवलं, चहा दिला, रजिस्टर उघडून ठेवलं आणि काहीच विचारलं नाही. आपण बोललो नाही तर गुन्हेगार फार वेळ तग धरत नाही. चहावर साय आली तरी त्यानं कप उचलला नाही. मग तो रडायलाच लागला.

“पोलमदी पयलं नाव माजं हाय साहेब. पर मशीनवर मत टँकरवाल्याला दिलं मी. टँकर बंद झाला तर पोरंबाळं काय पितील? वाटलं, आपल्या येकट्यानं काय फरक पडतोय. मोजणीत आकडे यायला लागलं आन् सुभेदारानं माज्याकडं बघितलं. मला वाटलं, ह्याला कळलं. मग आपुन त्याचंच हाय हे दावायला पायजे व्हतं.”

“आणि गंज त्या माणसाचीच का?”

“त्याचंच नाव उघड व्हतं की.”

मत कुणाला दिलं हे विचारायचा मला अधिकार नव्हता, आणि तो भाग मी जबाबात घेतला नाही. आग लावल्याचं कबूल केलं, बाटली त्याच्या दुकानातली निघाली, एवढं अटकेला पुरेसं होतं.

मेंढपाळाचा पुरवणी जबाब घ्यायला मी स्वतः वस्तीवर गेलो. आरोपीचं नाव ऐकून त्यानं आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, “आवं साहेब, एक सांगू? कागदावर नगा घिऊ. टँकरवाल्याला माजी भन दिल्याली हाय. तिचा फोन आला, म्हनली, दादा, ह्यांच्या बाजूला एक बी नाव न्हाई, घरात लय तरास हुतोय, तू तरी नाव दे. म्हनून दिलं. मशीनवर मातर सुभेदारालाच दिलं. मानूस चांगला हाय त्यो. भावजीला कळलं तर भन दारात यील माज्या.”

मी पेन खिशाला लावलं आणि हे कुणाला सांगणार नाही असा त्याला शब्द दिला. ठाण्यात माणूस समोर कोण बसलंय ते बघून उत्तर देतो, हे मी पहिल्या वर्षीच शिकलो होतो. ग्रुपवर तर अख्खं गाव समोर बसलेलं असतं, आणि मी त्या उत्तरांवर बंदोबस्त ठरवला होता. होमगार्ड तिथे असते तर ती गंज कदाचित वाचली असती. हे दुःख मला अजून पोखरतं.

परत जाताना मी सुभेदाराच्या दारात थांबलो. परड्यात त्याच्या दोन गंजी उभ्या होत्या. “एक त्याला द्या,” मी म्हणालो, “माझी विनंती समजा.”

त्यानं मोबाईल काढला. पोल त्यानं जपून ठेवला होता. त्या एका नावावर बोट ठेवून तो म्हणाला, “दुकानदारानं चूक केली, भोगंल. पर ह्याला वैरन मी देऊ? गावात माज्या इरोधात ह्यो एकच हाय साहेब.”

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. वस्तीवरच्या माणसाला दिलेला शब्द आठवला आणि मी गप्प राहिलो. त्या मुकाटपणाचंही मला वाईट वाटतं, पण आजही मी तेच करीन.

पुढच्या बाजाराला मेंढपाळानं बैलजोडी विकायला काढली. मी त्या दिवशी तपासाच्या कामानं गावात होतो. पिकअप सुभेदाराच्या घरावरून गेली. मेंढपाळ मागे बैलांना धरून उभा होता. त्यानं सुभेदाराला हात जोडून रामराम केला. सुभेदारानं तोंड फिरवलं.